उठला तर उठला : मधूनच सुरू न होणाऱ्या पीसीच्या निदानाचा आढावा

तक्रार ऐकायला साधी असते. सकाळी बटण दाबले की पंखे फिरतात, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच. बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विंडोज येते आणि मग रात्रीपर्यंत टॅली, एक्सेल, व्हिडिओ कॉल सगळे बिनबोभाट चालते. दुकानात नेला तर पहिल्याच बटणाला सुरू होतो. तंत्रज्ञ रॅम काढतो, पुसतो, परत बसवतो. आठ-पंधरा दिवस पीसी शहाण्यासारखा वागतो आणि मग एखाद्या सोमवारी ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून पुन्हा फोन जातो.

पूर्ण मेलेल्या पीसीत भाग बदलला की उत्तर लगेच मिळते. इथे तसे होत नाही. काहीही न करता हा पीसी बहुतेक वेळा सुरू होतोच, त्यामुळे उपायाने गुण आला की तो आपणहून उठला हे ठरवता येत नाही. म्हणूनच या बिघाडाबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत आणि उत्पादकांत परस्परविरोधी मते वर्षानुवर्षे टिकून आहेत. कोणाचा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, कोणाचा रॅमच्या संपर्कांवर, कोणाचा मदरबोर्डच्या सोल्डरवर. गेल्या दहा-बारा वर्षांत फर्मवेअर आणि विंडोज हेही संशयितांच्या रांगेत येऊन बसले आहेत. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य किती आणि प्रश्न आज कुठे अडला आहे, ते क्रमाने पाहू.

बटणापासून पडद्यापर्यंत

भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसमधला एक छोटा, स्वतंत्र भाग पाच व्होल्टचा राखीव पुरवठा देत असतो. जांभळी वायर ती हीच. कॅबिनेटचे बटण मुख्य वीज जोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त खूण करते. मदरबोर्ड हिरव्या वायरवरचा व्होल्टेज खाली ओढतो आणि मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे उभे राहतात. ते नेमून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस करड्या वायरवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. तोवर प्रोसेसरला रीसेटमध्ये रोखून धरलेले असते. संकेत मिळाला की फर्मवेअर (बोलीत बायोस) जागे होते, रॅम ओळखून तिच्याशी वेळ जुळवून घेते, ग्राफिक्स सुरू करते, डिस्क शोधते आणि शेवटी विंडोजच्या हाती सूत्रे देते.

तक्रार यातल्या कोणत्या टप्प्यावर अडते हे नीट सांगितले तर निम्मे संशयित गळतात. बटण दाबून काहीच हलत नसेल तर राखीव पुरवठा, हिरवी वायर किंवा खुद्द बटण. पंखे फिरून पडदा काळा राहिला तर मुख्य पुरवठा, रॅम, प्रोसेसर, बोर्ड. कंपनीचा लोगो दिसून पुढे अडले तर डिस्क, फर्मवेअरची सेटिंग किंवा विंडोज. हे तिन्ही बिघाड ग्राहक एकाच वाक्यात सांगतो, आणि फोनवर तंत्रज्ञही पुढे विचारत नाही.

जुना वारसा

सुरू होताना स्वतःची तपासणी करायची ही रीत १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची. काही चुकले तर आतला छोटा स्पीकर ठरावीक बीप देई आणि जाणकाराला त्यावरून दोष कळे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग जपणारी बॅटरी आली. त्या काळी समोरचे बटण मेन्सची वीजच तोडत असे. बंद म्हणजे पूर्ण बंद. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा साचा आणला आणि वर सांगितलेली राखीव पुरवठ्याची व्यवस्था रूढ झाली. सोय झाली, पण सुरू होण्याच्या साखळीत नव्या कड्या आल्या आणि त्यातली कोणतीही कधीतरी निसटू शकते.

पुढे कॅबिनेटमधून स्पीकर गायब झाला. त्याच्या जागी चांगल्या बोर्डांवर दोन अंकांचा कोड किंवा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे आले. स्वस्त बोर्डांवर दोन्ही नसतात. म्हणजे ज्या पीसीला निदानाची सर्वात जास्त गरज, तोच सर्वात मुका.

पहिला पक्ष : वीज

या पक्षाच्या बाजूने इतिहासाची भक्कम साक्ष आहे. १९९९ च्या सुमारास आणि नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर आणि एसएमपीएसमध्ये सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले. ते फुगले, गळले आणि संगणक आधी मधूनमधून, मग कायमचे बसले. डेल कंपनीने २००५ मध्ये सदोष ऑप्टिप्लेक्स संगणकांपोटी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला होता. बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर येऊ लागले त्याला या प्रकरणाने मोठा हातभार लावला. एसएमपीएसच्या पोटात मात्र आजही द्रव इलेक्ट्रोलाइटचेच कपॅसिटर प्रामुख्याने असतात.

अशा कपॅसिटरचे म्हातारपण समजून घेतले की ‘सकाळी उठत नाही, मग दिवसभर चालतो’ या तक्रारीचा एक सुसंगत खुलासा मिळतो. इलेक्ट्रोलाइट सुकत जाते तसा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. सुरू होताना एकदम प्रवाह ओढला जातो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतो आणि ‘वीज ठीक’ हा संकेत येत नाही किंवा येऊन जातो. दोन-तीन प्रयत्नांत आतला भाग जरा कोमट होतो, रोध उतरतो, पीसी उठतो. दुरुस्ती करणारे काही जण संशयित कपॅसिटरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून पाहतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. तापमान दहा अंशांनी कमी राहिले तर अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा उद्योगातला मान्य ठोकताळा. उलटही तितकेच खरे. राखीव पुरवठ्याचे कपॅसिटर तर पीसी बंद असतानाही काम करत असतात, म्हणून ते आधी थकतात.

वीज-पक्षाचे दुबळे अंग म्हणजे पुरावा दाखवण्याची त्याची पद्धत. हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला, म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. भार नसताना तो फक्त सुरू होतो एवढेच कळते. मल्टिमीटरवर १२.०५ व्होल्ट दिसले तरी ते सरासरीचे दर्शन. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त लहर नसावी असा दंडक आहे, आणि ती लहर किंवा काही मिलिसेकंदांची घसरण पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. गल्लीतल्या दुकानात तो नसतो. मग निदान अंदाजावर येते आणि ‘एसएमपीएस बदलून बघू’ हा सल्ला मिळतो.

याच पक्षाचा एक उपवाद यूपीएसचा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यांची नक्कल-साइन लहर देतो. सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा असलेले काही एसएमपीएस ती लहर पाहून बंद पडतात. काही मुळीच पडत नाहीत. दोन्ही अनुभव खरे आहेत, कारण उत्तर त्या विशिष्ट जोडीवर अवलंबून असते. यूपीएस वगळून पीसी थेट भिंतीला लावून आठवडाभर पाहणे हा यावरचा फुकटातला निवाडा.

दुसरा पक्ष : संपर्क, म्हणजे खोडरबराचा वाद

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवणे हा पहिला उपाय. त्याने गुण येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाद आहे तो गुण कशाने येतो यावर.

रबराचे समर्थक म्हणतात, पट्ट्यांवर चढलेली काजळी निघते. विरोधक म्हणतात, सोने गंजत नाही. पट्टीवर असते ती धूळ, बोटांचे तेल, फार तर सोन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला निकेल-तांब्याचा क्षार. आणि मॉड्यूल नुसते काढून परत बसवले तरी खाचेतल्या स्प्रिंगा पट्ट्यांवर घासून हे काम करतात. रबर उलट सोन्याचा थर झिजवतो, आणि तो थर चांगल्या मॉड्यूलवरही एका मायक्रॉनहून पातळ असतो. शिवाय भुकटी खाचेत पडते.

मला विरोधकांची बाजू जास्त पटते, पण एका ऐतिहासिक अपवादासह. १९९० च्या दशकात कथिलाचा मुलामा असलेली मॉड्यूल सोन्याच्या खाचांत, किंवा उलट, सर्रास बसवली जात. कथिल ऑक्साइड धरते आणि तापण्या-निवण्याच्या सूक्ष्म हालचालींनी तो थर दोन धातूंच्या मध्ये साचतो. तेव्हा रबराला अर्थ होता. धातू बदलला, उपाय राहिला. आज आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या तंतूंचे कापड यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे, आणि रबराआधी एकदा नुसते काढून बसवून पाहिले तर कशाने गुण येतो हेही कळेल. तेवढी उसंत गिऱ्हाईक समोर बसलेले असताना कोणी घेत नाही.

संपर्क-पक्षाचे म्हणणे कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात अधिक वजनदार होते. पावसाळ्यातली दमट, खारी हवा आणि नाल्यांतून येणारा गंधकयुक्त वायू तांबे-चांदीला खातो. हवेचा हा चटका मोजायला आयएसए ७१.०४ हे मानक वापरतात. त्याच्या सर्वात सौम्य वर्गात महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी गंज बसायला हवा. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. खाडीकाठच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला पीसी या वर्गात बसेल अशी आशा धरू नये. बोर्डावरची धूळही निरुपद्रवी नसते. तिच्यातले क्षार दमट हवेत पाणी धरतात आणि धुळीच्या थरातून किंचित वीज गळू लागते. पीसी तापला की थर वाळतो, गळती थांबते.

म्हणजे सकाळच्या आजाराचे दोन खुलासे झाले, थंडीने वाढलेला रोध आणि दमटपणाने आलेली गळती. लक्षण एकच. मात्र ऋतू या दोघांत निवाडा देऊ शकतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत बळावणारी आणि एप्रिलमध्ये विसरली जाणारी तक्रार कपॅसिटरकडे बोट दाखवते; रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये छळणारी तक्रार संपर्क आणि धुळीकडे. ग्राहकाला ‘हे कधीपासून’ असे विचारतात, ‘गेल्या वर्षी याच दिवसांत झाले होते का’ असे विचारत नाहीत.

तिसरा पक्ष : सोल्डर आणि चिप

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांत शिशावर निर्बंध आणले आणि जगभरचे उत्पादन शिसेविरहित सोल्डरकडे वळले. हे सोल्डर अधिक ताठ. तापण्या-निवण्याच्या चक्रांत त्याला बारीक चिरा पडतात, असे या पक्षाचे म्हणणे. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपच्या बिघाडापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, तेव्हा या मताला जोर आला. त्यातूनच हॉट एअर गनने चिप तापवण्याचा आणि रिबॉलिंगचा, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलण्याचा, धंदा फोफावला.

पण त्या प्रकरणातला दोष चिपच्या आवरणाच्या आत, तिच्या सूक्ष्म जोडांत आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पदार्थात होता, असे चिकित्सा करणारे सांगतात. बाहेरचे गोळे बदलून आतला जोड सुधारत नाही, उष्णतेने तो काही आठवडे पुन्हा टेकतो इतकेच. दुरुस्तीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी परतणाऱ्या यंत्रांचा अनुभव या मताशी जुळतो. डेस्कटॉपपुरते बोलायचे तर कूलर अति घट्ट आवळल्यामुळे सॉकेटच्या पिनांचा दाब बिघडून रॅमची एक बाजू मधूनच न दिसणे, हा दोष चिरांपेक्षा आधी तपासावा.

सिलिकॉनच हळूहळू झिजल्याची दोन उदाहरणे मात्र निर्विवाद आहेत. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या ६-मालिकेतल्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. काही साटा पोर्ट कालांतराने कमजोर होऊन डिस्क दिसेनाशी होई, आणि दुरुस्तीचा अंदाज ७० कोटी डॉलरचा होता. दुसरे उदाहरण २०२४ चे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांची अस्थिरता आधी बोर्ड बनवणाऱ्यांच्या ढिल्या सेटिंगवर ढकलली गेली. नंतर इंटेलने मान्य केले की मायक्रोकोड प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायला लावत होता आणि त्याने आतल्या मंडलाची झीज होत होती. ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही. त्या काही महिन्यांत किती जणांनी निर्दोष रॅम आणि एसएमपीएस बदलले असतील, कोण जाणे.

चौथा पक्ष : फर्मवेअर आणि विंडोज

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात, म्हणून गोंधळ होतो.

पहिली विंडोजची. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ हे पूर्ण शट डाउन राहिले नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत वाचला जातो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने उभारतो. तेव्हा रीस्टार्टला नीट आणि सकाळी लोगोनंतर काळा पडदा, असा नमुना असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत जाऊन ही सोय बंद करून पाहावी.

दुसरी बॅटरीची. आपल्याकडे रात्री भिंतीवरचा स्विच किंवा स्पाइक गार्ड बंद करण्याची चांगली सवय आहे. स्विच चालू असता तर राखीव पुरवठ्याने घड्याळ आणि सेटिंग जपली असती. तो बंद म्हणून सगळा भार तीन व्होल्टच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर येतो. सेल थकला की सेटिंग मूळपदावर जाते, बूटचा क्रम बदलतो, डिस्कची पद्धत बदलते आणि विंडोज सापडत नाही. घड्याळ मागे पडलेले दिसले तर आधी सेल बदलावा. या सगळ्या प्रकरणातली ती सर्वात स्वस्त दुरुस्ती आहे.

तिसरी नव्या रॅमची. २०२२ मध्ये आलेल्या, एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांसाठीच्या एएम५ बोर्डांवर डीडीआर५ रॅमशी जुळवून घ्यायला फर्मवेअरला पहिल्यांदा कित्येक मिनिटे लागत. लोक काळा पडदा पाहून मध्येच वीज तोडत आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जुनी जुळवणी जपून ठेवण्याची सोय आहे, पण काही यंत्रांत तीच अस्थिरतेचे कारण ठरली. शिवाय रॅमच्या वेष्टणावरचा वेग आणि प्रोसेसरने हमी दिलेला वेग वेगळे असतात. रायझन ७००० साठी दोन मॉड्यूलना ५२०० ची हमी, चार मॉड्यूलना फक्त ३६०० ची, आणि बाजारात मिळतात ६००० च्या जोड्या. जास्त वेगाचे प्रोफाइल चालू करणे हा तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच. विक्रेते ते सांगत नाहीत.

या पक्षावरचा आक्षेप असा की तो सगळ्याच गोष्टी ‘बायोस अपडेट करा’ यावर नेऊन ठेवतो. लोगोआधी अडणाऱ्या आणि कधी वीज जाईल याचा भरवसा नसलेल्या पीसीवर अपडेट करणे धोक्याचे, हे त्याने आधी सांगायला हवे.

मोठ्या पाहण्यांचे आकडे

या विषयावर मते उदंड आणि मोजमाप थोडे. तरी तीन पाहण्या ओलांडून पुढे जाता येत नाही.

गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास मांडला. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांत डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ तपासणीच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे ‘स्मार्ट ओके’ हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि सहकाऱ्यांनी गूगलच्याच सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास केला. वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या, आणि त्या अवकाशातून आलेल्या कणांमुळे सहज होणाऱ्या चुकांपेक्षा कायमच्या दोषामुळे होत असल्याची चिन्हे जास्त होती. तोपर्यंतचा समज उलटा होता.

आपल्या विषयाला सर्वात जवळचा अभ्यास २०११ चा. मायक्रोसॉफ्टमधल्या एडमंड नाइटिंगेल, जॉन डूसर आणि विन्स ऑर्गोव्हन यांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या क्रॅश-नोंदी तपासल्या. आठ महिन्यांत किमान तीस दिवस प्रोसेसर चाललेल्या यंत्रांत प्रोसेसरशी संबंधित दोषाने एकदा कोसळण्याची शक्यता १९० त एक होती. एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता मात्र साधारण तिनात एक. ब्रँडेड डेस्कटॉप असेंबल केलेल्यांपेक्षा आणि लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा भरवशाचे निघाले. ओव्हरक्लॉक केलेली यंत्रे अपेक्षेप्रमाणे मागे पडली.

‘एकदाच झाले, सोडून द्या’ या सल्ल्याला ही आकडेवारी छेद देते. पण तिची मर्यादाही ठळक आहे. कोसळल्याची नोंद पाठवायला विंडोज आधी सुरू व्हावे लागते. जो पीसी लोगोपर्यंत पोहोचलाच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही. विंडोजच्या लॉगमधली कर्नल-पॉवर ४१ ही ओळखीची नोंदसुद्धा फक्त मागच्या खेपेला नीट बंद झाला नाही इतकेच सांगते. म्हणजे ज्या बिघाडाबद्दल आपण बोलतो आहोत, तो या गणनांच्या कक्षेबाहेर राहतो.

बदलून पाहावे की मोजावे

दुरुस्तीच्या पद्धतीवरचा वाद कारणांच्या वादाइतकाच जुना. बदलून पाहणाऱ्यांचा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. दुकानात चालू स्थितीतला एसएमपीएस आणि रॅम हाताशी असते, मोजमापाला वेळ आणि उपकरण लागते, गिऱ्हाईक पैसे भागाचे देते, निदानाचे नाही. मोजणाऱ्यांचा आक्षेप असा की एसएमपीएस बदलताना २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा जोड निघतो, हात लागून रॅम हलते, धूळ झटकली जाते. गुण आला तर श्रेय कोणाचे? किमान जुळणीवर तपासणे, म्हणजे बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून, एकच रॅम आणि आतले ग्राफिक्स वापरून चालवणे, ही मधली वाट. तीही निर्दोष नाही, कारण बोर्ड बाहेर काढताच कॅबिनेटचा वाकडा स्क्रू, बोर्डावरचा ताण आणि तापमान हे सगळेच बदलते. दोष तिथेच असला तर तो टेबलावर दिसणार नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचेही तसेच. तो चालतो तेव्हा पीसी उठलेला आणि तापलेला असतो, म्हणून त्यात पास झालेली रॅम थंड सुरुवातीत निर्दोष असेलच असे नाही.

मला या वादात तिसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती झाली, हे कशावरून? साधे गणित करून पाहा. पीसी पाचातून एकदा अडत असेल, तर काहीही दुरुस्त न करता तो लागोपाठ तीनदा सुरू होण्याची शक्यता ५१ टक्के आहे. दुकानात ‘बघा, तीनदा चालू केला’ म्हणून दाखवतात, त्याचे वजन नाणे उडवण्याइतके. ही शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर सलग १४ यशस्वी सुरुवाती हव्यात. विसातून एकदा अडणाऱ्या पीसीसाठी तर ५९. आणि त्या सगळ्या थंड सुरुवाती असाव्या लागतात. बंद करून लगेच चालू केलेला पीसी आतून गरमच असतो, तो सकाळच्या दोषाची परीक्षा देतच नाही. दिवसाला एक थंड सुरुवात धरली तर पहिल्या प्रकाराला दोन आठवडे आणि दुसऱ्याला दोन महिने लागतात. कोणतेही दुकान पीसी इतके दिवस ठेवून घेणार नाही. म्हणजे ही परीक्षा घरीच, मालकानेच घ्यायची असते.

काय सुटलेले नाही

लोगोआधी अडलेल्या सुरुवातीची नोंद बोर्डानेच ठेवावी का, हा पहिला खुला प्रश्न. फर्मवेअर प्रत्येक टप्प्याचा कोड तयार करतेच. शेवटचा कोड वेळेसह जपून पुढच्या यशस्वी सुरुवातीला दाखवणे अशक्य नाही. सर्व्हरमध्ये स्वतंत्र देखरेख-चिप अशा नोंदी ठेवते. घरगुती बोर्डावर खर्च वाढतो, असे उत्पादक म्हणतील. मालक म्हणेल, एका चुकीच्या एसएमपीएसच्या किमतीत ते वसूल होईल.

दुसरा प्रश्न बोर्डपातळीवरच्या दुरुस्तीचा. काही रुपयांचा कपॅसिटर बदलून वाचणारा बोर्ड फेकावा का? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियमही लागू झाले. पण मंडलांचे नकाशे खुले नाहीत. ते नसताना तंत्रज्ञ अनुभवावर चालतो आणि मधूनच येणाऱ्या दोषात अनुभव सर्वात जास्त फसवतो. नकाशे खुले केल्याने नक्कल वाढेल ही उत्पादकांची भीतीही नुसती सबब म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

तिसरा प्रश्न, रोज बंद करावा की चालू ठेवावा. बंद केला तर तापण्या-निवण्याची चक्रे वाढतात, चालू ठेवला तर कपॅसिटर उष्णतेत म्हातारे होतात. दोन्ही बाजू शास्त्रशुद्ध आहेत. घरगुती वापरात वीजबिलाने हा वाद परस्पर मिटवला आहे.

तोपर्यंत ज्यांचा पीसी असा दगा देतो त्यांनी काळा पडदा पहिल्यांदा दिसला त्याच दिवशी बॅकअप घ्यावा आणि एक कागद कॅबिनेटला चिकटवावा. तारीख, वेळ, रात्री स्विच बंद होता का, पंखे फिरले का, बोर्डावरचा कोणता दिवा लागून राहिला, कितव्या खेपेला उठला, एवढे लिहीत जावे. दुकानात पीसीबरोबर तो कागदही द्यावा. आणि तंत्रज्ञांना विनंती ही की बिलावर भागाच्या नावाबरोबर दोष त्यांच्यासमोर घडला होता की नाही, हेही लिहून द्यावे.